आजीची वाकळ आणि आत्याची पैठणी: घरी धुवायची, ड्रायक्लीनला द्यायची की नुसती झटकून ठेवायची?

मागच्या वर्षी नवरात्राच्या आधी आमच्याकडे दसरा काढायला घेतला (आमच्या सातारा साइडला घर उलथंपालथं करून धुवून-पुसून काढण्याला हाच शब्द आहे) आणि माळ्यावरच्या ट्रंकेतनं दोन गाठोडी खाली आली. एकात आजीने शिवलेली वाकळ, म्हणजे पुण्याच्या भाषेत गोधडी, आणि दुसऱ्यात आत्याची लग्नातली पैठणी. दोन्हींना तो बंद ट्रंकेचा वास, वाकळीवर पिवळट डाग, पैठणीच्या पदरावर जर काळपट पडलेली. आई म्हणाली टाक मशीनला, बहीण म्हणाली ड्रायक्लीनला दे, आत्या फोनवर म्हणाली मी येईपर्यंत कुणी हात लावू नका. तिघींचं थोडं बरोबर होतं आणि थोडं चूक, पण ते कळेपर्यंत माझी एक वाकळ वाया गेली होती. ही नाही, दुसरी, आजोळची, तिचं पुढे सांगते.

तर ज्यांच्याकडे असंच काहीतरी माळ्यावरून खाली आलंय आणि आता याचं करायचं काय असा प्रश्न पडलाय त्यांच्यासाठी हे लिहितेय. मी कुणी एक्स्पर्ट नाही, पण गेल्या वर्षभरात यातलं बरंचसं करून बघितलंय, बिघडवलंय, आणि जे जाणकार आहेत त्यांना विचारून विचारून भंडावलंय.

आधी एक गोष्ट: वाकळ म्हणजे एक कापड नव्हे

धुण्याबद्दल जे सल्ले मिळतात ते सगळे एका कापडाबद्दल असतात, कॉटन असेल तर असं करा, सिल्क असेल तर तसं करा, आणि आपल्या हातात एकाच वेळी सात-आठ कापडं असतात. वर एक बऱ्यापैकी धड लुगडं, खाली एक, मधे फाटकी धोतरं, पंचे, पोरांचे फ्रॉक, उशीचे अभ्रे, जे हाताला लागलं ते, आणि कडेने धावदोरा घालत घालत आत येत शेवटी मध्यावर संपवलेली. वरचं लुगडं पक्क्या रंगाचं असेलही, पण आतल्या एखाद्या चिंधीचा लाल रंग कच्चा असला तर पाणी लागलं की तो वर येणारच. म्हणजे धुवायची की नाही हे वरचं चांगलं कापड बघून ठरत नाही, आतलं सगळ्यात कच्चं कापड कुठलं त्यावर ठरतं. माझी पहिली चूक इथेच झाली, मी वरचं लुगडं बघितलं, छान मजबूत आहे म्हटलं, आणि दिली टाकून.

म्हणून आधी तपासणी. वाकळ उजेडात पसरा आणि जिथे शिवण उसवलीये तिथून आत डोकवा, जुन्या वाकळीला असा कोपरा सापडतोच. आत काय काय आहे बघा. एखादा सुटा धागा मिळाला तर चिमट्यात धरून जाळून बघा, सुती असेल तर जळत्या कागदाचा वास येतो आणि हलकी राख होते, रेशीम किंवा लोकर असेल तर केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटाने चुरते, आणि टेरिलीन-नायलॉन असेल तर वितळून कडक मणी होतो. अलीकडच्या गोधड्यांमधे हा मणीवाला प्रकार भरपूर असतो कारण घरात साड्याच तशा यायला लागल्या होत्या, आणि खरं सांगायचं तर धुण्याच्या बाबतीत तो सगळ्यात कमी त्रास देणारा.

मग रंगाची टेस्ट. ज्या पाण्याने धुणार त्याच पाण्यात (रिठ्याचं असेल तर रिठ्याच्या) पांढऱ्या कापसाचा बोळा भिजवून पिळून रंगावर ठेवायचा, वर स्टीलची वाटी पालथी घालून दाबून दोन-तीन मिनिटं सोडायचं. बोळ्याला रंग लागला तर पाणी बंद, विषय संपला. हे प्रत्येक रंगावर वेगळं करायचं, लाल, काळा, जांभळा आणि हिरवा तर सोडायचेच नाहीत, आणि शिवणीचा दोराही तपासायचा, तो सगळे विसरतात. पांढऱ्या कापडावर लाल दोऱ्याची शिवण असेल आणि दोरा कच्चा असेल तर प्रत्येक टाक्याभोवती गुलाबी ठिपका पडतो. निळीत रंगवलेलं कापड कोरडं असतानाही चोळलं की बोटाला लागतं, त्याला म्हणून घासायचं नाही. आणि लोखंड आणि हिरडा वापरून केलेला जुना काळा रंग असेल तर तिथलं कापडच आतून खाल्लेलं असतं, जुन्या कापडात काळा ठिपका गेलेला आणि भोवतालचं कापड शाबूत असं दिसतं ते यामुळेच. त्याला पाण्याने काही नवीन होत नाही, उलट उरलंसुरलं निघून जातं.

मिठाच्या पाण्यात किंवा तुरटीच्या पाण्यात भिजवलं की रंग पक्का होतो असं आपल्याकडे घरोघरी सांगतात. मिठाच्या पाण्यात असेपर्यंत रंग थोडा धरून राहिल्यासारखा वाटतो आणि साध्या पाण्यात गेला की परत सुटतो. पन्नास वर्षांपूर्वी रंगवलेल्या कापडाचा रंग आज मिठाने पक्का होत नाही, मी करून बघितलंय, मीठ वाया गेलं.

ऊन द्यायचं की व्हॅक्युम मारायचा

हे दोन्ही बिनपाण्याचे आणि खरं तर निम्म्या लोकांचं काम इथेच होऊन जातं, कारण आपल्याला जो मळ वाटतो त्यातला बराचसा नुसती धूळ आणि कोंदट वास असतो.

आपल्याकडे पद्धत उन्हाची. दसऱ्याच्या आधी गोधड्या नदीवर नाहीतर कॅनॉलवर नेऊन धुवायच्या, दगडावर आपटायच्या, काठावरच्या झुडपांवर आणि खडकावर वाळत घालायच्या, आमच्या गावी त्या आठवड्यात अख्खा काठ रंगीबेरंगी झालेला असायचा. ते बरोबरच होतं, पण त्या गोधड्या रोजच्या वापरातल्या होत्या, चार-पाच वर्षांत झिजल्या की नवीन शिवायच्या असा हिशोब होता. आज तुमच्या हातात जी आहे ती शिवणारी बहुतेक आता नाहीये, मग आपटण्याचा हिशोब लागू होत नाही.

सुती वाकळीला दोन-तीन तास कोवळं ऊन चालतं, ओल आणि वास दोन्ही जातात, वरून एक पातळ मलमलचं कापड टाकलं तर रंगही उडत नाही. ऑक्टोबरमधलं ऊन कडक असतं पण हवा कोरडी असते, त्यामुळे सकाळी नऊपर्यंत किंवा दुपारी चारनंतर. रेशमाला मात्र ऊन अजिबात दाखवायचं नाही. रेशीम सुतापेक्षा उन्हाने फार लवकर कमजोर होतं, आज काही दिसत नाही पण पुढच्या वर्षी घडीवर तडकतं. पैठणी सावलीत, पंख्याखाली, बाजेवर नाहीतर बेडवर आडवी पसरून चार-सहा तास, बस. दोरीवर टाकू नका, सगळं वजन दोरीच्या त्या एका रेषेवर येतं आणि जर काही हलकी नसते.

व्हॅक्युमचं ऐकून आई आधी हसली होती. पण वाकळीच्या धावदोऱ्यात जी बारीक धूळ बसलेली असते ती झटकून जात नाही, आणि ती धूळ नुसती घाण नसते, बारीक खडे असतात ते, प्रत्येक वेळी घडी घालताना धागा कापत असतात. पद्धत अशी की जुन्या मच्छरदाणीचा तुकडा वाकळीवर पसरायचा, व्हॅक्युमचा जोर सगळ्यात कमी, आणि नोझल जाळीवर घासत न्यायचं नाही, एक जागा झाली की उचलून पुढे ठेवायचं. जाळीमुळे सुटा धागा किंवा चिंधी आत ओढली जात नाही. जरीवर टिकल्या, मोती काही असेल तर ती जागा सोडून द्यायची. मी आजीच्या वाकळीला दोन्ही बाजूंनी मारलं आणि डब्यात जे निघालं ते बघून आई हसायची थांबली, राखाडी पिठासारखी मूठभर धूळ, त्यात बाजरीचे दोन दाणे.

माझं मत विचाराल तर सगळ्यांनी आधी हेच करावं आणि दोन दिवस थांबून परत वास घेऊन बघावा. वास गेला असेल तर पुढचं काही वाचू नका.

टबात हाताने की वॉशिंग मशीन

सुती वाकळ, रंगाच्या टेस्टमधे पास, कापड फार विरलेलं नाही, आणि डाग किंवा वास हवेने गेलेला नाही, फक्त अशीच वाकळ पाण्याच्या लायकीची. आणि मग पाणी चांगलंच, कारण जुन्या सुताला जो पिवळटपणा येतो तो नुसता मळ नसतो, कापूस म्हातारा होताना त्यात आंबट द्रव्यं तयार होतात आणि ती तशीच राहिली तर कापड अजून लवकर ठिसूळ होतं. धुताना पहिल्या पाण्याचा रंग चहासारखा होतो, ते बघून घाबरू नका, ते जायलाच हवं असतं.

मशीनची गोष्ट आधी सांगते म्हणजे मोह राहणार नाही. आजोळची वाकळ मी फ्रंटलोडमधे डेलिकेट मोडवर, थंड पाण्यात, लिक्विड डिटर्जंट घालून लावली, सगळं नीट केलं असं समजून. चाळीस मिनिटांनी दार उघडलं तर आतल्या कुठल्यातरी लाल चिंधीचा रंग धोतराच्या बाजूला ढगाढगासारखा पसरलेला, मधले धावदोरे ठिकठिकाणी तुटलेले, आणि आतली कापडं सरकून एका कोपऱ्यात गोळा झालेली, उशीसारखी. रंग सुटला तर तसंच ओलं ठेवून पाणी बदलत राहायचं असतं, वाळला की बसतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी घाबरून वाळत घातली. गुलाबी ढग अजून आहेत.

यात मशीनचा दोष नाही, वजनाचा आहे. अडीच-तीन किलोची गोधडी ओली झाली की आठ-दहा किलोची होते, ती ड्रममधे वर जाऊन आपटते, शेवटी स्पिनला मिनिटाला शेकडो फेऱ्या घेते, आणि तो सगळा ताण हाताने घातलेल्या एका दोऱ्यावर येतो. टॉपलोडमधे मधला दांडा तर पिळूनच काढतो. नवीन गोधडी असेल, हल्ली बचत गटाच्या बायका मशीनवर शिवून विकतात तशी, दोरा मजबूत, तर लावा बिनधास्त, स्पिन बंद ठेवा म्हणजे झालं. जुनी, हातशिवणीची, तर नाही.

हाताने धुण्यात अडचण एकच, जागा. आपल्या फ्लॅटमधे बाथटब नसतो आणि बादलीत गोधडी कोंबली तर मशीनपेक्षा वाईट, कारण ती भिजते एका ठिकाणी आणि उचलताना फाटते दुसऱ्या. मला ज्या बाईंनी शिकवलं (त्या जुन्या कापडांचंच काम करतात) त्यांनी गच्चीवर विटांचा आयत लावून त्यावर जाड प्लास्टिकचा कागद अंथरायला सांगितलं, चार बोटं खोल उथळ हौद तयार. पोरांचा हवेचा पोहायचा टब असेल तर तोही चालतो, मोठा बघा. त्यात आधी एक जुनी चादर पसरायची, चादरीवर वाकळ सपाट, घडी न घालता, आणि मग पाणी सोडायचं. पुढचं सगळं उचलणं चादरीला धरून, वाकळीला नाही.

साबण कुठला यावर घराघरात भांडणं आहेत. साधी कपड्यांची पावडर नको, ती चांगलीच खारी, म्हणजे अल्कलाइन असते, शिवाय हल्लीच्या पावडरींत एन्झाइम असतात, डाग खाणारे, त्यातले प्रोटीन खाणारे जे असतात ते रेशीम आणि लोकरही प्रोटीन म्हणून खातात, आणि आतल्या थरात रेशमाची एखादी पट्टी असेल तर तुम्हाला कळणारही नाही. निळसर चमक आणणारी द्रव्यंही त्यात असतात, ती जुन्या पांढऱ्यावर बसली की तो पांढरा विचित्र, ट्यूबलाइटखाली ठेवल्यासारखा दिसतो. ब्लीच तर मनात पण आणू नका. मग राहिले दोन, लोकरीच्या कपड्यांचं सौम्य लिक्विड किंवा रिठा.

रिठा मला आवडतो पण त्याचं जे कौतुक चालतं तेवढा तो निरागस नाही. मूठभर रिठे बिया काढून रात्रभर भिजवायचे, सकाळी उकळून, गार करून दोनदा मलमलमधून गाळायचे, कारण सालीचा चुरा कापडात बसला की निघत नाही. पाणी मंद आंबट असतं, म्हणून रेशमाला खाऱ्या साबणापेक्षा बरं. पण ते तपकिरी असतं आणि नीट खळबळलं नाही तर पांढऱ्या धोतराच्या बाजूला पिवळट झाक सोडतं. रंगीत वाकळ, रिठा. पांढरी जास्त, सौम्य लिक्विड, तेही एका टबाला दोन झाकणं, फेस बघायचा नाही. पाणी बोअरचं असेल तर त्यातलं लोखंड आणि क्षार कापडावर बसतात, निदान शेवटचं पाणी तरी आरओचं घ्या, मी चार कॅन मागवले होते, सोसायटीतल्यांनी वेड्यात काढलं.

वीस मिनिटं भिजवायची, तळहाताने किंवा स्पंजने वरून खाली दाबायचं, चोळायचं नाही, ब्रश नाही, पिळायचं तर नाहीच. पाणी काढून टाकायचं, नवं घालायचं, असं मला सहा वेळा करावं लागलं, दाबल्यावर फेस येईनासा होईपर्यंत. मग हौदाची एक बाजू वीट काढून उतरती करायची, पाणी आपोआप निथळतं, अर्ध्या तासाने वर-खाली टॉवेल घालून दाबून पाणी शोषायचं. दोघं जण लागतात उचलायला, एकट्याने करायचं काम नाही. वाळवायला बाज सगळ्यात भारी, खालून पण हवा लागते. सावलीत, आणि एका दिवसात वरून वाळली वाटली तरी आतून ओली असते, म्हणून पावसाळ्यात, श्रावणात, कोकणात तर अजिबात धुवायला घेऊ नका, आत बुरशी धरेल आणि मग खरा त्रास सुरू होईल.

कापूस भरलेली रजई मात्र यातल्या कुठल्याच पद्धतीने नाही. पाण्यात कापसाचे गोळे होतात. तिची शिवण उसवून खोळ वेगळी धुवायची आणि कापूस गादीवाल्याकडून पिंजून परत भरून घ्यायचा, अजून गावोगाव मिळतात करून देणारे.

हळदीच्या डागाचं एक सांगायचं राहिलं, कारण बाळंतिणीच्या खोलीतल्या गोधडीवर तो असतोच. साबण लागला की लाल होतो, घाबरू नका, तो डाग वाढला नाही, हळदीचा गुणच आहे तो, धुतल्यावर परत पिवळा होतो. उन्हात हळद उडते. सुती कापडावर दोन-तीन सकाळी उन्हात ठेवा, जाईल नाहीतर निम्मा होईल, लिंबू चोळायला जाऊ नका.

पैठणी: ड्रायक्लीन की काहीच नाही

आता आत्याच्या पैठणीचं. इथे पाण्याचा प्रश्नच येत नाही. सूत ओलं झाल्यावर मजबूत होतं पण रेशीम ओलं झाल्यावर कमजोर होतं, आणि जुन्या पैठणीत तर जर आणि रेशीम ओलाव्याने वेगवेगळं आकसतं, मग काठ चुरगळल्यासारखा होतो तो इस्त्रीनेही सरळ होत नाही.

ड्रायक्लीन म्हणजे कोरडं असं आपल्याला वाटतं. पाणी नसतं इतकंच, बाकी कपडा द्रावणात बुडतोच, कुठे परक्लोरोएथिलीन, कुठे पेट्रोलियमचं टर्पेंटाइनसारखं द्रावण, ज्याला जुनी माणसं पेट्रोल वॉश म्हणतात. तेलकट डागांवर हे पाण्यापेक्षा भारी चालतं. पण घामाचा डाग, चहा, सरबत, पेढ्याचा पाक, हे पाण्यात विरघळणारे प्रकार आहेत, ते ड्रायक्लीनने हलत नाहीत, आणि लग्नातल्या साडीवर जास्त डाग घाम आणि खाण्याचेच असतात. म्हणजे पैसे देऊन साडी द्रावणात बुडवून, ड्रममधे फिरवून, गरम हवेने वाळवून, डाग होता तिथेच. वर सगळीकडे शेवटी प्रेस येते. माझ्या मैत्रिणीच्या आईची साडी अशीच एका दुकानात दिली होती, डाग गेला नाही पण रोल प्रेसमधे बुट्ट्यांची जर चपटी होऊन तुटली, दुकानदाराने साडीच जुनी होती म्हणून हात वर केले. तो तरी काय करणार म्हणा, साडी खरंच जुनी होती.

द्यायचीच असेल, म्हणजे समजा तेलाचा मोठा डाग आहे आणि कापड अजून लवचीक आहे, तर काउंटरवर चार गोष्टी विचारा. द्रावण कुठलं, ताजं की दहा कपडे धुतलेलं (जुन्या द्रावणाचा मळ तुमच्या साडीवर बसतो), ड्रममधे टाकणार की हाताने, प्रेस न करता मिळेल का, आणि जरीचं आधी काही केलंय का. उत्तर देताना माणूस वैतागला तर साडी परत घेऊन या. टिकल्या किंवा प्लास्टिकची चमकी असेल तर परक्लोरोएथिलीन नको, काही प्लास्टिक त्यात विरघळतं. आणि घरी बादलीत पेट्रोल ओतून करू नका, असं करणारे लोक आहेत म्हणून लिहितेय, भडका उडतो.

काळपट जरीचं सगळ्यांना वाईट वाटतं. जुनी खरी जर म्हणजे चांदीची चपटी केलेली तार रेशमाच्या धाग्यावर गुंडाळलेली, वरून सोन्याचा मुलामा. हवेतल्या गंधकाने चांदी काळी पडते, जशी चांदीची समई काळी पडते तशीच. पण समई घासता येते. जरीवर चांदीची पावडर, लिंबू, टूथपेस्ट काही लावलं तर काळं जाईल, आणि त्याच्याबरोबर तो केसाहूनही कितीतरी पातळ मुलामाही जाईल, मग जी जर राहील ती पांढुरकी, आणि आतलं रेशीम ओलावलेलं ते वेगळंच. तांब्याच्या तारेवर पॉलिश केलेली नवी जर असेल तर लाल तांबंच दिसायला लागेल. आत्या आली तेव्हा मी तिला हे सगळं समजावून सांगायला बसले तर म्हणाली, अगं मी कुठे म्हटलं काळी वाईट दिसते, नवीन पितळी जरीसारखी झगझग करत नाही तेच बरंय.

म्हणून पैठणीच्या बाबतीत माझा कौल सरळ काहीच न करण्याकडे. हवा, जाळीवरून हलका व्हॅक्युम, आणि नीट ठेवणं. नुकताच पडलेला तेलाचा थेंब असेल तर टाल्कम पावडर टाकून रात्रभर ठेवून हलक्या ब्रशने झटकता येतो, पण वीस वर्षांपूर्वीचं तेल सुकून घट्ट झालेलं असतं, त्याला पावडरीने काही होत नाही, नुसती पांढरी पावडर विणीत बसते.

आणि तज्ज्ञांकडे कधी

घडीवर रेशीम तडकतंय, हात लावला की भुगा पडतोय, बुरशीचे काळे ठिपके आलेत, किंवा वस्तूच अशी आहे की घरात तिच्याइतकं जुनं दुसरं काही नाही, तर प्रयोग नको. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं कलावस्तू जतन केंद्र आहे, लखनौला केंद्र सरकारची राष्ट्रीय जतन प्रयोगशाळा 1976 पासून आहे, आणि इन्टॅक या वारसा जपणाऱ्या संस्थेची जतन केंद्रं आहेत. खासगी कामं करणारे टेक्स्टाइल कन्झर्व्हेटरही असतात, तिथे विचारलं की नाव मिळतं. खर्च साडीच्या किमतीपेक्षा जास्त होऊ शकतो आणि वेळही लागतो, आणि बऱ्याचदा ते धुतच नाहीत, विरलेल्या जागेखाली दुसरं कापड बारीक टाक्यांनी बसवून आधार देतात. नवीकोरी करून मिळेल अशी अपेक्षा असेल तर जाऊ नका, तुम्ही पण वैतागाल आणि ते पण.

कसर लागलेली असेल तर मात्र धुण्याच्या आधी तिचा बंदोबस्त, नाहीतर शेजारच्या साड्यांत जाईल. डांबरगोळ्यांनी वास येतो आणि गोळी जरीला चिकटली तर डाग पडतो, अंडी मात्र राहतातच. त्यापेक्षा फ्रीजर. कोरडी वाकळ घट्ट प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून बंद करायची, उणे अठरा डिग्रीला दोन आठवडे, आणि बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, पूर्ण एक दिवस तशीच, नाहीतर बाहेरच्या दमट हवेचं पाणी गार कापडावर धरतं. आईला मटारच्या पाकिटांशेजारी आजीची वाकळ बघून काय वाटलं ते इथे लिहीत नाही. टिकल्या-काचा लावलेलं किंवा ओलसर काही असेल तर फ्रीजर नको.

ठेवायचं कसं ते थोडक्यात. प्लास्टिकच्या पिशवीत नाही, ती साडी दुकानातून येते ती चेनची पिशवी तर लगेच फेकून द्या, मांजरपाटात किंवा जुन्या धुतलेल्या सुती साडीत, मांजरपाट पण आधी दोनदा धुऊन खळ काढून. उघड्या लाकडावर थेट नको. कडुनिंबाचा सुकलेला पाला आणि वेखंड वेगळ्या पुरचुंडीत, कापडाला लागू न देता. वाकळ जमेल तर गुंडाळी करून, घडी कमीत कमी.

पैठणीची घडी वर्षातनं दोनदा बदलायची, संक्रांतीला आणि नवरात्रात, मोबाइलमधे रिमाइंडरच लावलाय, म्हणजे प्रत्येक वेळी त्याच रेषेवर मोडत नाही. यंदा संक्रांतीला आत्या आणि मी मिळून ती उलगडली तर पदराच्या दशांत गुंतलेला एक तांदळाचा दाणा निघाला, अक्षतेचा, कुंकवाचा लालसर रंग अजून होता त्याला. आत्याने तळहातावर घेऊन जरा वेळ बघितला आणि मग खिडकीतनं चिमण्यांना टाकला, म्हणाली धान्य राहिलं की किडे येतात.